जुनी शिडाची होडी घेताय? आधी तिने ऊन किती खाल्लं ते बघा

गोसीखुर्द, इटियाडोह, रामटेकजवळचं खिंडसी, मोर्शीकडचं अप्पर वर्धा. विदर्भात पाण्याची वानवा नाही, शिडाच्या होड्यांची आहे. जुना माल शोधायला भोपाळचा बडा तलाव नाहीतर हैदराबादचा हुसेनसागर गाठावा लागतो. मुंबईच्या होड्या खाऱ्या पाण्यातल्या. गोड्या पाण्यातली मिळाली तर गंजाची निम्मी कटकट वाचते. ऊन मात्र सगळीकडेच आहे, आणि जुन्या होडीचं खरं नुकसान पाण्यापेक्षा तेच करतं. चार वर्षं झाकणाशिवाय पडून राहिलेली 'जवळपास नवी' होडी घेण्यापेक्षा दर रविवारी पाण्यात उतरणारी ओरखड्यांची होडी घ्यावी.

दोघांना चालवायला एंटरप्राइज जातीची होडी: 4.04 मीटर लांब, नुसत्या बॉडीचं वजन कमीत कमी 94 किलो. एकट्यासाठी लेझर: साधारण 4.2 मीटर, 59 किलो. हे आकडे पाठ करा आणि बघायला जाताना धान्याचा काटा सोबत न्या. पुढचं टोक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या विटांवर. मग टेकण्याच्या जागा न बदलता काटा मागे आणि विटा पुढे घ्या आणि दोन्ही वजनांची बेरीज करा. दोन-चार किलो जास्त भरली तर जुनी दुरुस्ती समजा. पंधरा-वीस किलो जास्त म्हणजे आतल्या फोममध्ये किंवा लाकडात पाणी मुरलंय. ते सहजासहजी निघत नाही. अशी होडी सोडून द्या.

मग रुपयाचं नाणं घेऊन बॉडी वाजवा, टरबूज घेताना वाजवतो तशी. टणक 'टक्' आला तर फायबर एकसंध आहे, 'भद्' आला तर थर सुटलेत. डेकवर अनवाणी उभं राहून पाय दाबा, विशेषतः डोलकाठीच्या बुडाशी. हवेच्या टाक्यांची झाकणं लावून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा आणि निचऱ्याच्या भोकाला नळी लावून तोंडाने फुंका. बुडबुडे दिसले की गळती सापडली. टायरचा पंप लावू नका, डेकचा सांधाच उसवेल.

वरचा रंग ओल्या अंगठ्याला खडूसारखा लागला तर घाबरायचं कारण नाही. 800 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत घासून पॉलिश केलं की बरंचसं जातं. खोल चिरेचं काम वेगळं. चिरेभोवतीचं फायबर उतरतं घासायचं: 3 मिलिमीटर जाडीला निदान 36 मिलिमीटर उतार. जुन्या फायबरला पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी घट्ट धरते. स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टरच वापरणार असाल तर एक किलो रेझिनला 10 ते 20 ग्रॅम हार्डनर. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारं रसायन, वेगळं मिळालं असेल तर आधी ते रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. मे महिन्यात आपल्याकडे ब्रश हातात असतानाच डबा गरम होऊन घट्ट होतो. हे काम डिसेंबरचं.

डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची असते. बांबू निवडताना बघतो तसं एका टोकाला डोळा लावून बाक बघा. स्टीलच्या रिव्हेटभोवती पांढरी भुकटी असेल तर तिथलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय. लेझरच्या काठीला आधाराच्या तारा नसतात, एंटरप्राइजच्या असतात. त्यांवरून सुती फडकं फिरवा. अडकलं की तिथे एक पदर तुटलाय. तार टोकाच्या नळीत शिरते तिथेच बहुधा तुटते, आणि एक तुटली तरी डोलकाठी खाली येते. तारा सगळ्या नव्या घ्या, यात काटकसर नको.

शिडाचं कापड उन्हात टिकतं, शिवण त्याआधी जाते. नखाने दोरा खरवडा. तुटला तर सगळी शिवण नवी घालावी लागेल. गोदामातलं शीड पूर्ण उलगडूनच घ्या, उंदीर घडीच्या आत कुरतडतात.

ट्रेलर असेल तर चाक उचलून वरखाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. टायरवरचे चार आकडे वाचा: 1619 म्हणजे 2019 चा 16 वा आठवडा. ट्रेलरचं आरसी नसेल तर त्याला भंगाराचीच किंमत द्या आणि होडी 14 फुटी ट्रकमध्ये आणा. एंटरप्राइज त्यात बसते, लेझर जेमतेम. खाली तणस भरलेली बारदानं टाका आणि दोर कसून आवळू नका. उन्हात तापलेली बॉडी दबून वाकडी होते. लेझरची डोलकाठी दोन तुकड्यांत निघते, एंटरप्राइजची होडीपेक्षा लांब असते, तिची सोय आधीच करा.

रस्त्यावरून आलेला तापलेला ट्रेलर लगेच पाण्यात घालू नका. चाकाचा गरम हब गार पडताना पाणी आत ओढतो आणि बेअरिंग गंजतं. अर्धा तास थांबा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की गाळपेरीच्या जमिनीत चाकं रुततात, तेव्हा होडी चौघांनी उचलून नेलेली बरी.

डोलकाठी पाण्याच्या कडेलाच उभी करा. शेतपंपांच्या 11 केव्ही तारा बांधाजवळ लोंबलेल्या असतात, आणि अ‍ॅल्युमिनियमची काठी तारेला टेकायचीही गरज नाही, जवळ गेली तरी पुरे. बुडीत क्षेत्रात झाडांचे खुंट कुठे आहेत आणि जाळी कुठे लावली आहेत हे तिथल्या ढिवरांना विचारा. सेंटरबोर्ड, म्हणजे बुडातून पाण्यात उतरणारी फळी, खुंटावर आदळला तर त्याची पेटीच फाटते, आणि ती होडीच्या अगदी मधोमध असते.