हिरव्या-निळ्या माश्यांची फोटोंवरून ओळख: पावसाळ्यातील प्रगती

मागील नोंदीनंतर जमलेल्या फोटोंची छाननी करताना रंगाचा विचार सर्वांत शेवटी करायचा, हा नियम या वेळी मी कटाक्षाने पाळला. या माश्यांची धातूसारखी झळाळी रंगद्रव्यातून येत नाही. ती बाह्य कवचातील सूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची किमया असते, आणि म्हणून फ्लॅशचा कोन बदलला की तीच माशी कधी हिरवी, कधी निळी, तर कधी तांबूस दिसते.

मासळी बाजारालगतच्या फोटोंत अपेक्षेप्रमाणे क्रायसोमाया मेगासेफाला या माशीचे वर्चस्व आहे. मोठे लाल डोळे आणि नारिंगी गाल यांवरून ती लगेच लक्षात येते. शिवाय नराच्या डोळ्यांतील वरच्या नेत्रिका (संयुक्त डोळ्याचे बारीक कप्पे) खालच्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या असतात आणि दोन्हींमधील सीमा समोरून काढलेल्या नीट फोटोत स्पष्ट दिसते. ल्युसिलिया या दुसऱ्या वंशाच्या माश्या ओळखण्याचे काम मात्र अधिक चिकाटीचे आहे. पंखाच्या मुळाशी असणाऱ्या खालच्या पाळीचा वरचा पृष्ठभाग क्रायसोमायात केसाळ, तर ल्युसिलियात केसविरहित असतो. पण माशी पंख मिटून बसली असेल, तर हे लक्षण बहुधा झाकलेलेच राहते.

गोठ्याजवळच्या हिरव्या माश्यांनी सर्वाधिक वेळ घेतला. शेणात वाढणारी निओमाया वरून थेट ल्युसिलियासारखी दिसते, परंतु ती घरमाशीच्या कुळातली आहे. ल्युसिलियाच्या छातीच्या बाजूस, मागच्या पायाच्या मुळाच्या वर, राठ केसांची उभी रांग असते. निओमायात ती नसते. पंखाच्या टोकाकडे वळणारी मधली शीरही निओमायात सौम्य वक्र घेते, तर ल्युसिलियात कोन करून वळते. त्यामुळे बाजूने काढलेला एक फोटो वरून काढलेल्या देखण्या फोटोंपेक्षा मोलाचा ठरतो, असे माझे मत झाले आहे.

पानांवर उड्या मारणाऱ्या लांब पायांच्या माश्या, म्हणजे काँडिलोस्टायलस आणि तिच्या जवळच्या वंशांतल्या माश्या, पंखातील फाटा फुटलेल्या शिरेमुळे त्या गटापर्यंत बऱ्याच खात्रीने ओळखता येतात. त्यापुढे प्रजाती ठरवण्यासाठी बहुतेक वेळा नराची जननेंद्रिये तपासावी लागतात, म्हणून त्यांची नोंद मी तेवढ्यावरच थांबवली आहे. ल्युसिलिया सेरिकाटा आणि ल्युसिलिया कुप्रिना या दोन प्रजाती वेगळ्या ओळखण्यासाठी आता डोक्याची मागची बाजू आणि पुढच्या मांडीचा रंग स्पष्ट दिसेल, असे फोटो काढत आहे.