बाबांच्या ताटाची डावी बाजू

सुरुवात कोशिंबिरीपासून झाली. बाबा (माझे सासरे, वय ७१) स्ट्रोकनंतर हॉस्पिटलमधून घरी आले, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत परत सगळं सुरू झालं, आणि आईंच्या लक्षात आलं की हे चटणी-कोशिंबिरीला हातच लावत नाहीयेत. जन्मभर ठेच्याशिवाय न जेवलेला माणूस. आधी वाटलं तोंडाची चव गेली, मग आईंना वाटलं रुसलेत, मग एक दिवस मी नीट बघितलं तर पोळीचा पण उजवा अर्धाच खाल्लेला, भाताच्या मुदीचा उजवा अर्धा संपलेला, डावा तसाच, सुरीने कापल्यासारखा. आपल्याकडे ताटात डावीकडे मीठ लिंबू चटणी कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी, म्हणजे बाबांचं अर्ध्या ताटाशी नातंच तुटलेलं. मी ताट उचललं, अर्धं फिरवलं आणि परत ठेवलं. बाबा खूश होऊन म्हणाले, "अरे वा, ठेचा आत्ता आणलास?"

याला निग्लेक्ट म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डोळे ठीक आहेत, तपासून झालेत. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर जरा मागे जो पॅरायटल भाग असतो तिथे स्ट्रोकचा फटका बसला की डावीकडची जागा माणसाच्या हिशोबातनं निघून जाते. दिसत नाही असं नाही, ती आहे हेच डोक्यात येत नाही, त्यामुळे काहीतरी चुकतंय असंही बाबांना वाटत नाही. दाढी अर्धी, चष्म्याची डावी काडी कानाच्या खाली लोंबतेय, आणि आपण सांगितलं की उलट आपल्यावरच वैतागणार.

सगळ्यात जास्त हललो ते एका खेळाने. १९७८ मध्ये बिझियाक आणि लुझ्झाती या दोन इटालियन संशोधकांनी मिलानच्या अशा पेशंटना तिथल्या मोठ्या चौकाचं डोळ्यापुढे चित्र आणायला सांगितलं होतं. एका टोकाला उभे आहात असं समजा तर पेशंट फक्त उजवीकडच्या इमारती सांगायचे, समोरच्या टोकाला जा म्हटलं की मघाशी गाळलेल्या इमारती बरोब्बर सांगायचे. मी हे वाचलं आणि बाबांना विचारलं, आपल्या गल्लीतनं स्टेशनकडे निघालात, काय काय दिसतं? गिरणी, लाँड्री, मेडिकल. बरं, आता स्टेशनकडनं घरी येताय? वडापाववाला, शाळेची भिंत, रिक्षा स्टँड. एकच गल्ली, चाळीस वर्षांची, आणि डोक्यातल्या डोक्यात पण डावी बाजू गायब. नवरा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मग कुणीतरी सांगितलं की मॅग्नेटवाली ट्रीटमेंट असते. माझा पहिला विचार आला तो जत्रेत विकतात त्या मॅग्नेटच्या ब्रेसलेटचा, खरं सांगते. पण हे वेगळं निघालं. टीएमएस म्हणतात, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, कवटीच्या बाहेरून चुंबकाने मेंदूला ठोके द्यायचे. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या टीमने पहिल्यांदा नीट करून दाखवलं, तत्त्व मात्र १८३१ चं, फॅरेडेचं, आपण दहावीत पाठ केलेलं. कॉइलमधनं क्षणभर जोरात करंट सोडायचा, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, साधारण एमआरआय मशीनच्या ताकदीचं पण मिलिसेकंदाच्या आत संपणारं, आणि ते बदलतं क्षेत्र कवटीतनं आरामात आत जाऊन मेंदूच्या वरच्या थरात छोटा करंट तयार करतं. कापाकापी नाही, टाके नाहीत. पण पोचतं दोन-तीन सेंटीमीटरच, खोल नाही.

घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर फाईल चाळत होते तेवढ्यात मी घाबरलेय बघून तिथल्या मुलीने आठच्या आकाराची ती कॉइल माझ्या हातावर, कोपराच्या खाली धरली आणि म्हणाली बघा हं. टक्क! स्टेपलर मारल्यासारखा आवाज आणि माझी दोन बोटं आपोआप उडाली. दुखलं अजिबात नाही, पण बोटं माझी आणि हलवली कुणी, असं झालं, मी दोनदा परत करायला लावलं.

आता खरी गंमत, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. मला वाटलेलं की बाबांच्या मेंदूची उजवी बाजू कमजोर झालीय तर तिथे मॅग्नेट लावून तिला जोर देणार. तर निग्लेक्टमध्ये बऱ्याचदा करतात ते उलटंच, चांगल्या, डाव्या बाजूला मॅग्नेट लावून तिला गप्प करतात. सेकंदाला एक असे ठोके बराच वेळ दिले की तो भाग थोडा वेळ सुस्तावतो, भराभर दिले की साधारणपणे चेकाळतो. (२००५ मध्ये सुस्तावण्याचाच एक झटपट प्रकार आला, तीन-तीनचे झुपके सेकंदाला पाच वेळा, चाळीस सेकंदात काम आणि परिणाम तासभर.) आणि गप्प का करायचं, तर मेंदूची दोन अर्धी एकमेकांना दाबून धरतात, उजवं आपल्याला डावीकडे ओढतं, डावं उजवीकडे. मला हे लोकलच्या सीटवरनं कळलं. तिघांच्या सीटवर चौथी बसलेली असते, सगळ्या कोपराने एकमेकींना रेटून जागा धरून असतात, त्यातली एक ढिली पडली की शेजारची लगेच पसरते. बाबांचं उजवं ढिलं पडलंय आणि डावं ऐसपैस पसरलंय, म्हणून आधी डाव्याला म्हणायचं, सरका जरा.

याचा पुरावा निरोगी माणसांवर आहे हे मला फार आवडलं. २००० मध्ये पालेर्मोमध्ये धडधाकट लोकांच्या उजव्या पॅरायटल भागावर ठोके दिले तर रेषेचा मध्य ठरवताना त्यांचा कल उजवीकडे सरकला, म्हणजे थोड्या वेळापुरतं छोटंसं निग्लेक्ट. आणि २००१ मध्ये हिलगेटाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा मिनिटं एका बाजूला संथ ठोके दिले तर विरुद्ध बाजूचे बारीक ठिपके लोकांना कमी दिसायला लागले, ते अपेक्षितच, पण ज्या बाजूला मॅग्नेट लावला त्याच बाजूचे ठिपके आधीपेक्षा चांगले दिसायला लागले! शेजारीण उठली आणि ही पसरली.

घरी आम्ही पण केलं, मॅग्नेटशिवाय. कॅलेंडरच्या पानामागे २० सेंटीमीटरची रेघ, सगळ्यांनी अंदाजाने मध्यावर खूण करायची. निरोगी माणूस सहसा किंचित डावीकडे चुकतो, त्याला स्यूडोनिग्लेक्ट असं नाव पण आहे. मी दोन मिलिमीटर डावीकडे, नवरा तीन, भाचा बरोबर मध्यावर आणि तेच दिवसभर सांगत फिरला. बाबा चार सेंटीमीटर उजवीकडे, आणि ठामपणे.

तर क्लिनिक. डॉक्टरांनी फाईल वाचली आणि विचारलं, पहिल्या आठवड्यात फिट आली होती ना? आली होती. मग नाही, म्हणाले. या मशीनने फिट येण्याचा धोका एरवी फार कमी, पण ज्याला आधीच येऊन गेलीय त्याच्यावर मी हे करणार नाही. आणि असंही म्हणाले की काही छोट्या अभ्यासांत चांगला फरक दिसलाय, पण हे अजून निग्लेक्टचं ठरलेलं औषध नाही, डिप्रेशनसाठी जशी अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली तशी निग्लेक्टसाठी नाही. आधी दुसऱ्या एकाने फोनवर फाईल न बघताच वीस सेशनचं पॅकेज सांगितलं होतं, त्यामुळे या नकाराचा मला राग नाही आला, उलट बरं वाटलं. रिक्षात मात्र आम्ही दोघं काही बोललो नाही.

आता आमचं आपलं ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं परत जमावीत म्हणून करायचा सराव, चालू आहे. पेपर वाचताना डाव्या कडेला लाल पट्टी, ती सापडेपर्यंत मान वळवायची. टीव्ही डावीकडे हलवला. मी बोलायला मुद्दाम डावीकडे जाऊन बसते, आधी बाबा मला सोडून भिंतीशी बोलायचे, आता पाचातनं तीनदा वळतात.

काल रात्री जेवताना म्हणाले, "आज कोशिंबीर नाही केलीस का गं?" मी काही बोलायच्या आत स्वतःच थांबले, ताटाची कड धरली आणि गाडीचं स्टिअरिंग फिरवावं तसं ताट फिरवलं. आमटी सांडली थोडी. आई ओरडल्या.