तुम्ही विचारलंत म्हणून: पत्ता का सांगत नाही?

"फोटो एक नंबर. कुठलंय हे? लोकेशन टाका की."

बंद पडलेल्या लॉजचे आणि दवाखान्यांचे फोटो मी आठ-नऊ वर्षं काढतोय. भुताचं विचारणारे एकदा विचारून गप्प बसतात, पत्ता विचारणारे पिच्छा सोडत नाहीत. मी विषय बदलला की म्हणतात, "एवढं काय लपवायलाव?" तर घ्या, सांगतो.

सोलापुरात स्टेशनच्या बाजूला एक लॉज होतं. दोन मजली, मधे चौक, भोवती गॅलरी, दारांवर पितळी आकडे. मालक वारले, तीन भावांत वाटणीचा दावा लागला आणि दाराला कुलूप. राखणीला एक म्हातारे मामा. त्यांनी एका भावाला फोन लावून विचारलं आणि मला आत सोडलं. "काय बघायलाव मालक आत? ढेकणंबी उपाशी मेली."

मी गेलो ते एप्रिलात, सकाळी सातला. सोलापूरच्या उन्हात दहानंतर भिंती नुसत्या पांढऱ्या दिसतात. आत मात्र अंधार, म्हणून ट्रायपॉड लावून पंधरा-वीस सेकंदांचं एक्सपोजर, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्याचा डोळा उघडा. तेवढा वेळ श्वास रोखून उभं राहायचं, फरशी हलली की फोटो गेला. पारवे तर फोटोत येतच नाहीत, त्यांच्या जागी राखाडी धूर उमटतो.

काउंटरच्या खणात पाहुण्यांची वही सापडली. एक कोपरा वाळवीने खाल्लेला. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार आणि शेवटचा रकाना 'येण्याचे कारण'. नावांवर पुठ्ठा ठेवला आणि फक्त त्या रकान्याचा फोटो काढला. सूत. सूत. अक्कलकोट. कोर्ट. चादर खरेदी. गाणगापूर. सूत. मुलगी पाहणे. त्याच अक्षरात दुसऱ्या दिवशी: खाजगी. (काय झालं असेल, हे मी अजून ठरवतोय.)

पानं उलटत गेलो तसं सूत विरळ होत गेलं. या गावात १८७७ साली जुनी मिल निघाली, मागोमाग बाकीच्या उभ्या राहिल्या, आणि माणूस सुताकापडासाठी इथं उतरायला लागला. माझे वडील एका मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. भोंगा बंद झाला तो घरात कळला आधी आणि पेपरात आला नंतर. मिलचे साचे, म्हणजे यंत्रं, भंगारात निघाले तेव्हा वडील ट्रक बघायला गेले होते, मी सोबत होतो. परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत. वहीतही तसंच. सूत संपलं, कोर्ट आणि देव तेवढे शेवटच्या पानापर्यंत टिकले.

मग मी चूक केली. लॉजच्या दर्शनी बाजूचा फोटो फेसबुकवर टाकला. पाटीवरची निम्मी अक्षरं वाचता येत होती, आणि सोलापुरात निम्मी पुरतात.

सव्वा महिन्यानं परत गेलो. जिन्याचा सागवानी कठडा करवतीनं कापून नेलेला. वायरिंग भिंतीतून उपसलेलं. पितळी आकडे गेलेले, पण दारावर आकड्यांच्या जागचा रंग उन्हापासून वाचला होता, त्यामुळे १०७ अजून वाचता येत होता, आधीपेक्षा स्पष्ट. वही चौकात पडून पावसात भिजली होती. तिचा लगदा झालेला. मामा नव्हते. भावांनी त्यांना काढून टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच बाबतीत.

चोर माझा फोटो बघूनच आले, याला पुरावा नाही. पण फोटोखाली "कुठंय हे?" विचारणाऱ्या तिघांना मी उत्साहानं गल्लीसकट पत्ता सांगितला होता, हे मला पक्कं आठवतं.

दवाखान्याचं तर त्याहून अवघड. बंद पडलेल्या एका प्रसूतिगृहात मी गेलोय. 'शांतता राखा'ची पाटी जागेवर, लोखंडी पाळणा उलटा, आणि कपाटात बायकांची नावं, वयं, कितवी खेप, सगळं लिहिलेले केसपेपर. त्यातल्या कितीजणी आज इथंच कुठंतरी नातवंडं सांभाळत असतील. शिवाय एक्सरेच्या जुन्या फिल्ममध्ये चांदी असते आणि ती भंगारात विकली जाते. बीपीच्या जुन्या यंत्रात पारा असतो. पत्ता सांगितला की या सगळ्याची वाट दाखवली.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात काय झालं, ते म्हणूनच मी विसरत नाही. एक कर्करोगाचा दवाखाना दुसरीकडे हलला, रेडिएशनचं मशीन जुन्या जागेतच राहिलं, आणि जागेचा वाद कोर्टात. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघं आत शिरले, मशीनचा जड भाग ढकलगाडीवर घालून नेला आणि भंगारवाल्याला विकला. आत सिझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाची भुकटी होती, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्यानं ती कौतुकानं नातेवाइकांत वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीसकट चार जण गेले. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात तो पदार्थ सापडला. बंद दवाखाना, कोर्टातला दावा, भंगारवाला: यातलं काय आपल्याकडे नाही?

आता मी पाटी, समोरचं दुकान, रस्त्यावरचा खांब, काहीच फ्रेममध्ये घेत नाही. मालकाची परवानगी लेखी घेतो. पडकी असली तरी इमारत कुणाच्या तरी ताब्यात असते, आणि न विचारता शिरलं तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. पारव्यांच्या विष्ठेमुळे एन-९५ मास्क लावतो, कारण त्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होतात. ज्यांना जुन्या घरात नुसतं फिरायचंय त्यांना मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी पाठवतो. १९१० साली इथं जन्मलेला आणि १९४२ साली चीनमध्ये वारलेला हा डॉक्टर, त्याच्या घराचं आता स्मारक आहे. तो पत्ता हवा तेवढ्या वेळा सांगतो. तिकडे फारसं कुणी जात नाही.

मामा मला दीड वर्षानं भेटले, एका अपार्टमेंटच्या गेटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. पत्ते वाटणारा मीच, हे त्यांना सांगायचं ठरवून गाडी थांबवली. त्यांनी आधी चहा मागवला, अर्धा अर्धा. मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आता कुठली बिल्डिंग, मालक?"

"आहे एक," म्हणालो. ठरवलेलं बोलणं तसंच राहिलं. चहाचे पैसे मामांनी देऊ दिले नाहीत.