आर्वीकडच्या वावरात तीन दिवस

मैत्रिणीची मोठी बहीण आर्वीकडं शेती करते, योगा शिकवते आणि बाळंतपणात बायांच्या सोबतीला जाते, एवढंच ऐकून होते. मला वाटलं इन्स्टाग्रामवर असतं तसं काहीतरी असेल, पांढरे कपडे, तांब्याचे लोटे वगैरे. नागपूरहून ट्रेनने वर्धा, मग आर्वीची एसटी, पुढं ताईच्या स्कूटीवर मागे, मांडीवर गूळ आणि दोन किलो बेसन. आज भजी दिसते म्हणून मी खुश.

बेसन ड्रमसाठी होतं.

निंबाच्या सावलीत ड्रम, त्यात 200 लिटर पाणी, गावरान गाईचं 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, मूठभर माती. हे जीवामृत, नैसर्गिक शेतीत पिकाला द्यायचं खत. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी हे घरोघरी पोचवलं, 2016 ला पद्मश्री मिळाली त्यांना. 48 तास ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीनं एकाच बाजूनं ढवळायचं. मी उलटसुलट ढवळलं तर ताई म्हणते, "अवं, ताक घुसळून रायली का?"

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत सोयाबीनचं कुटार (भुसा) अंथरलेलं. तिनं एका जागी हातानं सारलं तर खाली माती गार, ओलसर, गांडुळांच्या बारीक बारीक गोळ्यांनी भरलेली, आणि धुऱ्यापलीकडच्या वावरात बोट जाईल एवढ्या भेगा. पण पहिले तीन वर्षं कापूस कमीच निघाला, शेजारी हसायचे, घर आर्वीतल्या योगाच्या बॅचवर चाललं, हे तिनंच सांगितलं. बरं वाटलं, नाहीतर हे नैसर्गिकवाले तोट्याचं नावच काढत नाहीत.

संध्याकाळी समाजमंदिरात गावातला क्लास. सूर्यनमस्कार नाही काही नाही. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया, त्याच साड्यांवर, भिंतीला पाठ टेकून नुसता लांब श्वास सोडत बसलेल्या. "वाकून वाकून कंबर गेली त्याइची, अजून काय वाकवू?" कोपऱ्यात नवव्या महिन्यातली एक पोरगी हात-गुडघे टेकून हळूहळू कंबर डोलवत होती.

ताईची आजी गावची दाई. तिच्या हातून एक बाळंतीण रक्त जाऊन गेली, आर्वीच्या वाटेवर बैलगाडीतच. म्हणून घरी बाळंतपणाचं कोणी बोललं की ताई भडकते. "बाळंतपण मी नाई करत बाप्पा, ते डाक्टर अन् सिस्टर पाह्यतीन. मी पाठ चोळतो, पाणी पाजतो, ते चालली त संग चालतो." सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण सुधारायच्या 2017 च्या लक्ष्य कार्यक्रमात कळा येताना सोबतीण असू द्या असं आहे, तरी बाळंतपणाच्या खोलीच्या दारावर दर वेळी हुज्जत घालावीच लागते म्हणे.

तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला फोन, त्याच पोरीचा. आशाताईनं अँब्युलन्स बोलावली होती, ताई स्वेटर घालून गेलीसुद्धा, जाताना मला सांगून गेली की गाय सोड, क्लास घे. क्लास! मला ताडासनापलीकडं येत नाही, शेवटी एका आजीनंच मला भिंतीशी नीट बसवलं.

ताई आली दुपारी दोनला. डोळे लाल, साडीवर चहा सांडलेला. मुलगी झाली, 2 किलो 800, म्हणाली, आणि चप्पल न काढता निंबाखाली गेली.

"ड्रम ढवळला का सकाळी?"

मी विसरले होते. काठी तिनंच उचलली.