ऐंशीच्या एलपी, नोंद तिसरी: राग स्नेअरवर, शिक्षा दशकाला

चाळीसपैकी सव्वीस झाल्या. दिवाळीपर्यंत तिशी गाठायची होती, पण कॅसेट डेकचा बेल्ट ढिला पडला आणि पियानो पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा डुलायला लागला. नवा बेल्ट मागवला, बसवला, 3,150 हर्ट्झची टेस्ट टेप लावून मोटरचा ट्रिमर केसभर इकडे, केसभर तिकडे करत वेग जुळवला. तीन आठवडे त्यातच गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: एकाच कलावंताची एक सत्तरच्या दशकातली एलपी आणि एक ऐंशीच्या दशकातली, पाठोपाठ ऐकायच्या. आवाजाची पातळी फोनवरच्या मीटरने सारखी करायची. पूर्ण बाजू ऐकायची, गाणं कितीही रटाळ असलं तरी सुई उचलायची नाही. हे सगळं सुरू झालं ते दादामुळे. "एकोणऐंशीत रॉक संपलं रे, पुढे उरला तो नुसता मेकअप," हे त्याचं वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय. पहिल्या दोन नोंदींत मी जवळजवळ त्याच्याच पक्षात गेलो होतो. या महिन्यात मात्र वहीत मागे जाऊन बरीच खाडाखोड करावी लागली.

झालं असं की जुन्या शेऱ्यांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: "ड्रम नकोसे." गाण्याच्या चालीबद्दल, शब्दांबद्दल फारसं काहीच नाही. म्हणजे मी स्नेअरवर (ठोक्याला कडाडणाऱ्या त्या ड्रमवर) चिडत होतो आणि शिक्षा दशकाला देत होतो.

तो स्नेअर आला कुठून हे पाहायला पीटर गॅब्रिएलची 1980 ची तिसरी एलपी पुन्हा लावली. लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, ड्रमवर फिल कॉलिन्स, इंजिनियर ह्यू पॅजम. कन्सोलमध्ये वादकांशी बोलण्यासाठी एक माइक होता आणि त्यावर जबरदस्त कॉम्प्रेशन (बारीक आणि मोठा आवाज जवळपास एका पातळीवर आणणारी प्रक्रिया) लावलेलं होतं. त्यातून चुकून ड्रम ऐकू आले ते राक्षसी. मग तोच घुमारा नॉइज गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्राने, मध्येच छाटला. घुमट कोसळावा आणि पुढच्याच क्षणी सन्नाटा, असा तो परिणाम. गॅब्रिएलने झांजांना बंदीच घातली होती, त्यामुळे त्या छाटलेल्या जागेत दुसरं काही शिरतच नाही. 'इंट्रूडर' हेडफोनवर ऐका, अजूनही अंगावर येतं. ही एक खोली, एक वादक आणि एक अपघात यांची कमाई होती. पुढे एएमएसच्या आरएमएक्स 16 सारख्या डिजिटल रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा देणाऱ्या) यंत्रात तो परिणाम तयार मिळायला लागला. बटण दाबा, घुमट कोसळवा. दशकाच्या मध्यावर प्रेमगीतातही घुमट कोसळतोय, निरोपाच्या गाण्यातही कोसळतोय. यामाहाच्या डीएक्स 7 या सिंथचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या कीबोर्डचं (1983) तेच. त्याच्या एफएम सिंथेसिस पद्धतीत स्वतः आवाज घडवणं किचकट, म्हणून जो तो कारखान्यातूनच भरून आलेला इलेक्ट्रिक पियानोचा आवाज वाजवत सुटला. शेजारच्या सात घरांत एकाच दुकानाची चकली असावी, तशी गत.

पण मग गाणी वाईट होती की मसाला? याची परीक्षा घ्यायला यावेळी दोन नामी नमुने मिळाले.

पहिला, रिप्लेसमेंट्स या बँडची 'टिम', 1985. निर्माता टॉमी अर्डेलाय, म्हणजे रमोन्स या बँडचा मूळ ड्रमर. स्वतः ड्रमर असून त्याने इथले ड्रम शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखे का ठेवले, देव जाणे. 2023 मध्ये एड स्टेसियमने त्याच टेपवरून नवं मिक्स (गायन आणि वाद्यांच्या आवाजांची जुळणी) केलं. गायन तेच, वादन तेच, कुणी काही पुन्हा वाजवलेलं नाही. आधी मी फसलो. नवं मिक्स मुळातच जोरात असल्यामुळे सरस वाटत होतं. तीन डेसिबल खाली आणून परत ऐकलं. तरीही फरक मोठाच राहिला. बास आता पोटात लागतो, ड्रमर समोर बसलेला दिसतो आणि पॉल वेस्टरबर्गचा आवाज फाटतो तेव्हा तो का फाटतोय ते कळतं. वहीत 1985 च्या मिक्सला मी दहापैकी सहा दिले होते. गाणी तीच, आता नऊ.

दुसरा नमुना बोवीचा. 1987 ची 'नेव्हर लेट मी डाउन' खुद्द त्यालाही पसंत नव्हती. तो गेल्यावर, 2018 मध्ये, त्याचं गायन ठेवून ड्रम, गिटार, तंतुवाद्यं असं बरंच काही नव्याने वाजवून ती पुन्हा बाजारात आणली. 'टाइम विल क्रॉल' या चेर्नोबिलच्या बातमीतून सुचलेल्या गाण्याला त्याचा फायदा झाला. आणखी दोन गाण्यांना झाला. बाकीची नवे कपडे घालूनही तशीच निस्तेज. म्हणजे इथे दोष मसाल्याचा नव्हता, भाजीच शिळी होती. तोच बोवी 1983 मध्ये नाइल रॉजर्सबरोबर, गिटारवर स्टीव्ही रे वॉनला घेऊन, 'लेट्स डान्स' करतो, आणि ती मी तीनदा लावली.

दादाचा मुद्दा इथे थोडा खरा ठरतो. सत्तरच्या दशकात मोठे झालेले बरेच लोक 1983 ते 87 या काळात भांबावलेले ऐकू येतात. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं, चेहरा महत्त्वाचा झाला आणि चाळिशीकडे झुकलेल्या मंडळींनी खांद्यांना पॅड लावले. क्वीन सत्तरच्या दशकात पाकिटावर अभिमानाने छापायचे की यात सिंथ नाही. 1980 च्या 'द गेम'मध्ये सिंथ आला, 1982 च्या 'हॉट स्पेस'मध्ये तोच मालक झाला. (पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेल्या आपल्या फ्रेडीसाठी, म्हणजे क्वीनच्या गायकासाठी, मी सहा द्यायला तयार होतो. बाजू एक संपल्यावर पाचवर आलो. शेवटचं 'अंडर प्रेशर' नसतं तर चार.) नील यंगची 'ट्रान्स', 1982, ही मात्र वेगळी गोष्ट. यंत्रातून गाळलेला तो आवाज मी पूर्वी थिल्लर म्हणून सोडून दिला होता. मुलाला बोलता येत नव्हतं, त्याच्याशी संवाद साधण्याच्या धडपडीतून ती एलपी आल्याचं त्यानेच सांगितलंय. हे कळल्यावर ती पूर्वीसारखी ऐकता येत नाही. त्याच्या कंपनीने तर 1983 मध्ये 'तू तुझ्यासारखं संगीत देत नाहीस' म्हणून त्याच्यावर खटला भरला!

यंत्रांनाच शिव्या घालाव्यात तर प्रिन्स आडवा येतो. 'व्हेन डव्ह्ज क्राय', 1984: लिन ड्रम मशीन, आणि बास नाहीच. अख्ख्या गाण्यात बास नाही. जी घुमटवाले भरत सुटले होते ती जागा याने रिकामी ठेवली.

आणि उलट टोकाला 'नेब्रास्का'. जानेवारी 1982, न्यू जर्सीतलं घर, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, स्प्रिंगस्टीन एकटा. बँडसाठी केलेला कच्चा खर्डाच शेवटी एलपी म्हणून बाहेर आला. माझ्याकडे ती कॅसेटवरच आहे, दुरुस्त डेकवर पहिली तीच लावली. स्पिरिटने हेड पुसून घेतलं होतं, तरी थोडी हिस (टेपची सळसळ) आहे. असू दे, ती मूळ टेपवरही असणार.

एक नवा नियम वहीत घातलाय. सत्तरची म्हणून आपण जी ऐकतो ती चाळून उरलेली एलपी असते, ऐंशीचा मात्र रेडिओवरचा कोंडाही लक्षात राहिलेला असतो. म्हणून 1976 चं 'डिस्को डक' मी शेवटपर्यंत ऐकलं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं ते. दादाला लिंक पाठवली, अजून उत्तर नाही. शिवाय आपल्याकडे तेव्हा हाताला लागायचं ते बहुतेक चार्टवरचं. हस्कर ड्यू या बँडचं नाव मी इंटरनेट आल्यावर ऐकलं. त्यांची 'झेन आर्केड' आणि मिनटमेनची 'डबल निकल्स ऑन द डाइम', दोन्ही जोड एलपी, जुलै 1984 मध्ये एकाच छोट्या कंपनीने काढल्या. त्या महिन्यातलं संगीत घसरलं होतं असं मला कुणी सांगू नये.

पुढचं: लेनर्ड कोहेनची जोडी, मग केट बुश. 'हाउंड्स ऑफ लव्ह'ची माझी प्रत दुसऱ्या बाजूला किंचित वाकलेली आहे, कुणाकडे सपाट करायची खात्रीची युक्ती असेल तर सांगा. काचांच्या मध्ये ठेवून झालंय.

रविवारी दादा जेवायला येतोय. पाकीट न दाखवता 'टिम'ची दोन्ही मिक्स लावणार आहे. आधी नवं.