काकांच्या बी-४ ला काय उत्तर द्यायचं

बुद्धिबळात समोरच्याने पहिलीच चाल बी-४ केली (उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या १ ते ८, म्हणजे बी ओळीतलं प्यादं चौथ्या घरात) की मला आधी राग येतो, चाल नंतर सुचते. आपण मधल्या प्याद्यांच्या ई-४, डी-४ ची तयारी करून बसलोय आणि हा माणूस कडेजवळचं प्यादं दोन घरं ढकलून निवांत चहा ढोसतोय. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत प्रेसमधून रिटायर झालेले एक काका आहेत, पांढरी मिळाली की दुसरं काही खेळतच नाहीत, वर "घे ना, फुकट आहे" म्हणून हसतात.

फुकट कसलं! आपण ई-५ खेळायचं, ते उंट बी-२ ला आणतात, आपण उंटाने बी-४ मारायचं, ते ई-५ मारतात. प्याद्याला प्यादं झालं, तेही कडेजवळचं देऊन त्यांनी आपलं मधलं नेलं. पण आपला उंट बाहेर आलाय, आता घोडा एफ-६ ला, लगेच कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजा कोपऱ्याकडे सुरक्षित), झालं की काम, मला तरी हेच बरं वाटतं.

विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला गेला, त्यामुळे पोरांना बुद्धिबळाच्या क्लासला घालायचं आईबापांच्या डोक्यात पक्कं बसलंय. असाच एक चौथीतला पठ्ठ्या परवा काकांसमोर बसला. सिसिलियन (ई-४ ला काळ्याचं सी-५ हे उत्तर) तोंडपाठ, आणि बी-४ बघून गडी पहिल्याच चालीला गार. मग ई-५ खेळला, काकांचा उंट बी-२ ला आला, तर ते प्यादं वाचवायला त्याने एफ-६ ढकललं. काकांनी ई-४ केलं, बी-४ खुशाल मारू दिलं आणि उंट सी-४ ला नेऊन ठेवला. आता पोराच्या घोड्याचं घर त्याच्याच प्याद्याने अडवलेलं, तिरकी लाईन थेट जी-८ पर्यंत मोकळी, राजाला जायचं असतं ते हेच घर, म्हणून कॅसलिंग बंद. कॉम्प्युटर म्हणतो काळ्याला काही झालेलं नाही, त्याचं बरंय, त्याला काकांसमोर बसायचं नसतं.

बी-४ च्या या ओपनिंगला (डावाच्या सुरुवातीला) ओरांगउटान म्हणतात ते उगाच नाही. १९२४ ला न्यूयॉर्कच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टार्टाकोवर प्राणीसंग्रहालयात सुझन नावाच्या ओरांगउटानला भेटून आला आणि मारोत्सीविरुद्ध बी-४ खेळला. मारोत्सीने काय केलं, तर घोडा काढला, ई-६, डी-५, कॅसलिंग, जणू समोर काही विचित्र घडलेलंच नाही, आणि डाव जिंकला.

पांढऱ्याने पहिलीच चाल जी-४ केली तर पण तेच, फक्त आमिष जास्त चमकतं. आपण डी-५ केलं की ते उंट जी-२ ला नेतात आणि जी-४ चं प्यादं उघड्यावर. उंटाने मारलंत की सी-४ येतं, मागोमाग वजीर बी-३ ला, आणि बी-७ राखायचं ज्याच्याकडे होतं तो उंट तर शिकारीला गेलेला. त्यापेक्षा आधी गुपचूप सी-६. प्यादं कुठं पळून चाललंय?

अर्थात साध्या चाली खेळल्या की जिंकलोच असं पण नाही हं. १९८० ला स्वीडनमधल्या स्कारामध्ये कार्पोव्ह खेळला तेव्हा तो जगज्जेता होता, त्याच्या ई-४ ला इंग्लंडच्या माइल्सने चक्क ए-६ केलं, कार्पोव्हने डी-४ केलं, घोडा काढला, उंट काढला, सगळं पुस्तकातल्यासारखं, आणि तरी हरला. हा किस्सा काकांना कुणी सांगू नका, काळी घेऊन पण सुरू होतील.