भंगारातल्या गाड्या, कृष्णधवल: गंज आणि रंग वेगळे करण्याचं काम कुठवर आलं

भंगारातल्या गाड्यांच्या कृष्णधवल फोटोंच्या या मालिकेत सध्या काम चालू आहे ते एका ट्रकवर. केबिनचा मूळ रंग फिकट हिरवा, दारांच्या खालच्या कडेला आणि मडगार्डवर गंज, चाकांभोवती गुडघाभर गवत. नुसत्या डोळ्यांना या तिन्ही गोष्टी लांबूनही वेगळ्या दिसतात, कारण त्यांचे रंग वेगळे आहेत. कृष्णधवल केलं की रंग जातो आणि उरते फक्त उजळ-गडद अशी छटा. ती तिघांचीही जवळपास सारखीच निघते, म्हणून पहिले फोटो सपाट येतात. कॉन्ट्रास्ट वाढवून हे सुटत नाही. तिन्ही छटा एकत्रच वर-खाली सरकतात. त्या मुळातच वेगळ्या कराव्या लागतात, त्याही शटर दाबायच्या आधी.

फिल्मवर हे काम फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची रंगीत काच, करतो. गंज निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेतो, नारिंगी आणि लाल परत पाठवतो. त्यामुळे लाल २५ नंबरच्या फिल्टरमधून गंज उजळतो आणि हिरवा पत्रा काळवंडतो. फरक भरपूर मिळतो, पण गंज इतका फिका पडतो की पत्रा कुजलेला वाटतच नाही, नुसता मळलेला वाटतो. शिवाय उन्हातल्या सावल्यांना जो उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा. लाल फिल्टर तोच अडवतो आणि मडगार्डखालचा भाग पार काळा होऊन बसतो. या ट्रकसाठी ११ नंबरचा पिवळट हिरवा फिल्टर कायम केला आहे. त्यात गंज गडद होतो, त्याला वजन येतं, आणि रंग शाबूत असलेला पत्रा उजळ राहतो. गवतही थोडं उजळतं, पण फिकट रंग त्याहून मुळातच थोडा उजळ असल्यामुळे दोघांत थोडं अंतर राहतं. गाडीचा रंग गडद हिरवा असेल तर हे जमणार नाही. तिथे नारिंगी २१ घ्यावा आणि गंज उजळ, पत्रा गडद असा उलटा हिशेब मांडावा.

एक्स्पोजर (फिल्मला द्यायचा प्रकाश) लाल २५ ला ३ स्टॉप वाढवायचं (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), नारिंगी २१ आणि हिरव्या ११ ला सुमारे २. मीटरिंग, म्हणजे प्रकाशाचं माप, फिल्टर काढून करावं आणि हे स्टॉप हाताने वाढवावेत. मीटरची आणि फिल्मची रंगांबद्दलची संवेदना सारखी नसते, त्यामुळे गडद फिल्टरमधून घेतलेलं माप, विशेषतः लाल फिल्टरमधून, फसवतं.

डिजिटलवाल्यांनी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) रंगीतच ठेवून हेच काम एकेका रंगाची छटा उजळ-गडद करणाऱ्या स्लायडरवर करावं. गंज लाल स्लायडरमध्ये शोधू नका, त्याचा मोठा भाग नारिंगीत असतो. नारिंगी माफक खाली आणला की गंज बसतो. त्याहून फार ओढलं की जिथे गंज आणि रंग एकमेकांत मिसळतात तिथे चट्टे उमटतात आणि आकाशाला लागून असलेल्या कडांवर पांढरी रेघ येते. स्लायडर हलवण्याआधी रंगांचा नॉइज (विखुरलेले रंगीत ठिपके) कमी करून घ्या. रंगीत फोटोत जो चटकन दिसत नाही, तोच इथे उजळ-गडद ठिपके होऊन वर येतो.

आता फिल्टर हात टेकतो ती जागा. ट्रकच्या दारावर वरचा रंग उडून खालचं रेड ऑक्साइड प्राइमर उघडं पडलं आहे. त्याला रंग लोहाच्या ऑक्साइडनेच येतो, म्हणजे गंजाच्याच कुळातला. कोणताही फिल्टर लावा, दोन्ही बरोबरच उजळतात नाहीतर बरोबरच गडद होतात. इथे उपयोगी पडतो फक्त पोत. प्राइमर सपाट असतो. गंजाला खड्डे असतात, पोपडे असतात. ते दिसायला उजेड पत्र्याला जवळजवळ घासून जायला हवा, पृष्ठभागापासून १५ ते २० अंशांवर. सूर्य त्या कोनात येत नसेल तर ढगाळ उजेडात साधा टॉर्च दाराच्या कडेला धरून पुरतो. रंगाच्या एका फोडापाशी हे नीट कळतं: समोरून बघितलं तर नुसता डाग, आणि टॉर्च आडवा केला की फोडाच्या पलीकडे चंद्रकोरीसारखी सावली पडते, फुटलेल्या कडेची जाडी दिसते, आत गंजाचे थर एकावर एक सुटलेले दिसतात. हा तुकडा या मालिकेतला सगळ्यात समाधान देणारा आहे.

केबिनच्या आतलं काम अर्धं झालं आहे. बाहेर ऊन असेल तर आतला अंधार आणि बॉनेट एका फ्रेममध्ये मावत नाहीत, म्हणून ढगाळ दिवसच निवडावा. सीटखालच्या ज्या सावलीत तपशील हवा तिथे स्पॉट मीटर (लहानशा जागेचाच उजेड मोजणारा) लावायचा आणि आलेल्या मापापेक्षा २ स्टॉप कमी द्यायचं, म्हणजे ती सावली झोन ३ वर, तपशील टिकणाऱ्या गडद छटेवर, बसते. लेन्सचं छिद्र लहान, एफ/१६, ठेवलं आणि त्यात फिल्टरचे २ स्टॉप मिळवले की वेळ सेकंदांत जातो, आणि तिथे फिल्मची रेसिप्रॉसिटी आडवी येते, म्हणजे वेळ लांबला की फिल्मची संवेदना घटते. एफपी४ प्लस या फिल्मसाठी ती बनवणाऱ्या इलफर्डचं सूत्र सोपं आहे: मोजलेल्या सेकंदांचा १.२६ घात. १० सेकंद आले तर प्रत्यक्ष १८ द्या, ३० आले तर सुमारे ७२. एवढ्या वेळात सावल्यांपेक्षा उजळ भाग लवकर भरतात आणि कॉन्ट्रास्ट चढतो. म्हणून आयडी-११ या डेव्हलपरमध्ये १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंश सेल्सियसला नेहमीची ११ मिनिटं न देता ९ दिली आहेत. खिडकीबाहेरचं गवत मात्र १८ सेकंदांत हललंच. वारा पडलेला असेल तेव्हाच हे करावं.

(सीटवर, पायरीवर किंवा केबिनच्या तळावर भार टाकू नका, वरून धड दिसणारा पत्रा खालून संपलेला असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. हात घालण्याआधी गांधीलमाश्या आणि साप बघा. ब्रेक ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असतो. आणि मालकाची परवानगी आधी.)

बंपर आणि काच राहिली आहे. पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा, म्हणजे पोलराइज झालेला प्रकाश अडवू शकणारा फिल्टर) काचेवरची आणि रंगावरची चमक कापतो, ओल्या गंजावरचीही. क्रोमवर त्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण उघड्या धातूवरून परतलेला प्रकाश फारसा पोलराइज होत नाही. क्रोमला समोर काय ठेवायचं हेच ठरवावं लागतं: मोठं ढगाळ आकाश दिसलं तर बंपर एकसारखा उजळतो आणि क्रोम फुटून आलेले गंजाचे ठिपके त्यावर काळे, स्पष्ट उठतात. पुढची काच दोन थरांची असून कडांना थर सुटले आहेत, तिथे दुधी पट्टा आला आहे. तो पट्टा टिपायला काचेमागे काळोख हवा, म्हणून केबिनच्या आत काळं कापड टांगावं लागेल. पोलरायझरचे दीड ते दोन स्टॉप धरून तिथेही वेळ लांबणारच.

यानंतर जुनी लँड रोव्हर घ्यायचं ठरलं आहे. १९४८ पासूनच्या त्या गाड्यांची बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि चासी पोलादाची. म्हणजे वर अॅल्युमिनियमची पांढरट भुकटी आणि खाली गंज, आणि दोन धातू जोडले आहेत त्या बोल्टपाशी फुगलेला रंग. पांढऱ्या भुकटीला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे वरच्या भागात फिल्टर फारसं काही करणार नाही. तिथली सुरुवात थेट टॉर्चपासूनच करायची आहे.